निवृत्तांचे रिकामपण

संपादक महाशय,

निवृत्त जोडपे म्हणजे दिवसभर परस्परांच्या वाटेत येणारी दोन माणसे, असा जो निष्कर्ष गतांकातील पत्रलेखकांनी काढला आहे, तो एकाच पक्षाची कैफियत ऐकून दिलेला निवाडा वाटतो. ज्या भिलाईत 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि भट्टी अहोरात्र पेटती ठेवावी लागते म्हणून जेथे माणसांच्या झोपेचाही पाळ्यांत बटवडा झाला, तेथे पाळीवर जाणाऱ्याला पत्नीसमवेत दोन्ही वेळा स्वस्थ जेवण्याचे सुख लाभते, ते बहुधा निवृत्तीनंतरच. सेक्टर 10 मधील आमच्या घरी डाळीच्या मिठावरून वाद होतात, नाही असे नाही. परंतु सेक्टर 9 च्या रुग्णालयात जाताना कागदांचे दप्तर मी आणि औषधांच्या वेळा तिने सांभाळायच्या, हा सुरळीत कारभार रिकामपणाच्या सदरात कसा बसतो? शिवाय नोकरदाराला साठाव्या वर्षी रीतसर मोकळीक मिळते, गृहिणीच्या निवृत्तीची तारीख मात्र कोणत्याच दप्तरी नोंदलेली नसते, याविषयी पत्रलेखकांनी अक्षरही लिहिलेले नाही. त्यांचा खुलासा वाचण्यास आम्ही उभयता उत्सुक आहोत.

आपला,
एक निवृत्त वाचक
सेक्टर 10, भिलाई