जनसुनावणीत जन कुठे?

आपल्या सीमाभागात दिवाळीचे फटाके आणि साखर कारखान्याचा भोंगा साधारण एकाच सुमारास ऐकू येतात. निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाड, कुठेही जा. मुलीचे लग्न, मुलाची फी, सोसायटीचे कर्ज, सारे उसाच्या बिलावर ठरते. फडात वाळणारा ऊस पाहत तोडीसाठी चिटबॉयच्या मागे ज्याने चकरा मारल्या, त्याला कारखान्याची गाळप क्षमता वाढणार म्हटल्यावर बरे वाटणारच. आमचे भांडण विस्ताराशी नाही. तो ज्या मुकाट्याने मंजूर होतो, त्या मुकाट्याशी आहे.

कायदा मुकाट्याने बसा असे सांगत नाही. केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या कारखान्यांच्या प्रस्तावांसाठी जनसुनावणी आहे. तिची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत द्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्षस्थानी असतो. सुनावणीचे चित्रीकरण होते. हजर असलेल्या कोणालाही प्रश्न विचारता येतो, लेखी म्हणणेही देता येते. मात्र गणसंख्येची अट नाही. म्हणजे मांडवात दहा माणसे असली तरी सुनावणी झालीच! आपण गैरहजर राहिलो तर कागदावर त्याचा अर्थ एकच होतो : कोणाची हरकत नाही.

आणि प्रत्यक्षात काय दिसते? मांडव, खुर्च्या, चहा. पुढच्या रांगेत पुढारी, मागे कारखान्याचे कामगार. दोघे-तिघे ‘विस्तार झालाच पाहिजे’ म्हणतात, टाळ्या पडतात, मंडळी जेवायला उठतात. कोणी पाण्याचा विषय काढलाच तर शेजारचा कानात सांगतो, ‘गप बस, उद्या तुझा ऊस कोण नेणार?’ ज्या गावात तोडीच्या चिठ्ठीवर माणसाची वाचा अवलंबून असते, तिथे सुनावणी कसली आणि कोणाची?

आम्ही मास्तर माणसे. हिशेब घालून बघू. समजा, परिसरात आठ लाख टन ऊस आहे आणि कारखाना रोज पाच हजार टन गाळतो. हंगाम १६० दिवस चालेल. क्षमता दहा हजार केली आणि ऊस तेवढाच राहिला, तर हंगाम ८० दिवसांत आटोपेल. शेतकऱ्याचा ऊस लवकर जाईल, हे खरे. पण हंगामी कामगाराचे पगाराचे दिवस निम्मे होतील, त्याचे काय? ऊस वाढवून हंगाम लांबवायचा म्हणाल, तर त्या उसाला पाणी कोणत्या नदीचे? घटप्रभा आणि हिरण्यकेशीच्या काठचा शेतकरी उन्हाळ्यात पात्रात काय पाहतो, हे त्याला विचारा.

आता रस्ता. एका खेपेला वीस टन धरले तर दहा हजार टनांसाठी ५०० खेपा. रिकाम्या परतीसह एक हजार फेऱ्या. एकाच रस्त्याने त्या झाल्या, तर चोवीस तासांत दर दीड मिनिटाला एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, बहुतेकदा दिव्यांशिवाय! त्याच रस्त्याने आपली पोरे सायकलवरून शाळेत येतात. उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणी असते. म्हणजे रोज सत्तर लाख लिटर पाणी उसातूनच कारखान्यात शिरणार. ते पुन्हा किती वापरणार आणि बाहेर कुठे सोडणार? हे विचारणारा माणूस विकासाचा शत्रू कसा ठरतो?

भाषेचे दुखणे तर आपले रोजचेच. मूळ अहवाल शेकडो पानांचा, इंग्रजीत. सारांश इंग्रजीत आणि राज्यभाषेत. नियमात ‘स्थानिक भाषा’ हे शब्दही आहेत. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवायचे, असेही आहे. ज्या गावांचा व्यवहार मराठीत चालतो, त्या गावांनी सारांश मराठीत मागणे हे कोणाच्या भाषेशी वैर नव्हे. पलीकडच्या बांधावरचा कानडी शेतकरी तरी ती इंग्रजी पाने कुठे वाचतो? धूर भाषा विचारून अंगणात येत नाही. या प्रश्नावर दोघांनी एका बाकावर बसले पाहिजे.

शिवाय ही दारेही किलकिली होत चालली आहेत. २०२१ मध्ये नियम बदलून, आधीची पर्यावरण मंजुरी असलेल्या कारखान्यांचे केवळ पेट्रोलमिश्रणाच्या इथेनॉलसाठीचे विस्तार जनसुनावणी न लागणाऱ्या वर्गात घातले गेले. जे हक्क आपण वापरत नाही, ते काढून घेताना कोणाला हात कापण्याची भीती वाटत नाही.

तेव्हा वाचकहो, पुढची सूचना वृत्तपत्रात दिसली की ती कापून ठेवा. पंचायतीत जाऊन अहवाल मागा. तिथे तो ठेवावाच लागतो. गावातल्या शिकलेल्या मुलामुलींनी सारांश देवळात, शाळेत मोठ्याने वाचून दाखवावा. हंगामाचे दिवस, रस्ता आणि पाणी हे तीन प्रश्न लिहून काढा आणि त्याखाली एकट्याची नव्हे, शंभर जणांची सही घ्या. शंभर जणांचा ऊस कोणी अडवत नाही. आणि सुनावणीच्या दिवशी इतिवृत्त वाचून होईपर्यंत मांडव सोडू नका. जेवण थोडे निवले तरी चालेल.