वारली किनारीपुरते वैविध्य

संपादक महोदय,

बालपुस्तकांतले सांस्कृतिक वैविध्य हे अलीकडचे खूळ, हा आपल्या लेखकाचा दावा छापण्यापूर्वी तपासायला हवा होता. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्येच अमेरिकेतल्या ५,२०६ बालपुस्तकांचा हिशेब मांडला. कृष्णवर्णीय माणसे जेमतेम ३४९ पुस्तकांत होती. अशी पुस्तके कोणी वाचत नाही म्हणावे, तर एझ्रा जॅक कीट्स यांचे ‘द स्नोई डे’ (१९६२) न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयातून आजवर सर्वाधिक वेळा घरी नेलेले पुस्तक ठरले. त्यातला कृष्णवर्णीय मुलगा पीटर लाल पोशाखात बर्फावर पावले उमटवतो, बर्फाचा गोळा खिशात ठेवतो. उपदेशाचे नाव नाही. तेव्हा ‘वैविध्य म्हणजे प्रचार’ हा लेखकाचा आक्षेपही टिकत नाही. आपल्याकडे मुखपृष्ठाला वारली किनार लावून भागवतात, यावरचा लेखकाचा वैताग (तेवढाच) रास्त. पण मग पाड्यावरच्या पोराला गोष्टीचा नायक करा. किनारही पुसा म्हणणे हा कुठला न्याय?

— एक वाचक, ठाणे