लक्ष नसणाऱ्या मुलांकडे लक्ष

‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा शेरा प्रगतिपुस्तकात वर्षानुवर्षे दिसतो आणि घरी त्याचा अर्थ आळस असाच लावला जातो. पण त्यामागे एडीएचडीही असू शकतो. एडीएचडी, म्हणजे अवधानन्यूनता आणि अतिचंचलता, हा मेंदूच्या वाढीशी निगडित विकार आहे.

कॅलिफोर्नियात बर्कली इथे स्टीफन हिनशॉ यांच्या चमूने हा विकार असलेल्या १४० मुलींचा बालपणापासून मागोवा घेतला. २०१२ साली आलेले दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष हादरवणारे होते. अवधानन्यूनता आणि अतिचंचलता दोन्ही असलेल्या गटातल्या २२ टक्के मुलींनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता. विकार नसलेल्या मुलींत हे प्रमाण ६ टक्के होते. बहुतेक मुली या वाटेला गेल्या नाहीत, हेही याच आकड्यांत आहे. पण उतावळेपणा, रोजची बोलणी, तुटणारी मैत्री आणि त्यातून साचणारे नैराश्य एकत्र आले की धोका वाढतो. मुलींचे निदान तर अनेकदा उशिरा होते, कारण खिडकीबाहेर पाहत गप्प बसलेली मुलगी वर्गात कुणाला त्रास देत नाही.

उपचार आहेत: औषधे, वर्तनोपचार, पालकांचे प्रशिक्षण. त्यांची लाज वाटणे आता थांबलेच पाहिजे. मूल ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ म्हणाले, तर रागावू नका. ऐका, आणि मनात आत्महत्येचा विचार येतो का, हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.