आडवा आठ

घराला नवी वीजजोडणी घेताना अर्जासोबत टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. त्यात इन्सुलेशन रेझिस्टन्सचा एक रकाना असतो. तारेवरचं आवरण वीज किती अडवून धरतं, हे तिथे मेगाओहममध्ये लिहायचं. माझ्या ताईने तालुक्याच्या गावी छोटं घर बांधलं. तिच्या रिपोर्टवर या रकान्यात आडवा आठ काढला होता. आडवा आठ म्हणजे अनंत.

हा आठ वायरिंगच्या ठेकेदाराच्या दुकानात, काउंटरवर काढला गेला. ताई समोर बसली होती. त्या दिवशी तिच्या घरात भिंतीतले पाइप रिकामे होते, तारा ओढायच्याच होत्या. तिने तसं विचारलं. “कागद आधी लागतात, ताई,” असं उत्तर मिळालं. खाली सही झाली, लायसन्स नंबरचा शिक्का बसला. बाजूला आणखी तीन घरांचे रिपोर्ट पडले होते. त्या तिन्हींवरही आडवा आठच होता.

इन्सुलेशनची ही चाचणी मेगर नावाच्या उपकरणाने होते. मेन स्विच बंद करायचा, दिवे-पंखे सोडवायचे, फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून एक वायर तिथे आणि दुसरी अर्थला लावायची. मग ५०० व्होल्ट दाब, एक मिनिट. आकडा किमान एक मेगाओहम यायला हवा. तारा नव्या आणि काम चोख असेल तर काटा खरोखरच अनंताकडे जातो, त्यामुळे आडवा आठ दिसला म्हणजे रिपोर्ट खोटाच, असं म्हणता येत नाही. अडचण दुसरी आहे. मेगरच्या वायरी कशालाही न जोडता, नुसत्या हवेत धरून दाब दिला तरी काटा अनंतच दाखवतो. चाचणी उत्तम झाली आणि चाचणी झालीच नाही, या दोन्हींची खूण एकच. रिपोर्ट तपासणाऱ्या कारकुनाला त्यातला फरक कळणार कसा?

पूर्वी त्याला तो कळण्याची गरजच नव्हती. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत स्पष्ट होतं, की जोडणी देण्याआधी वीज पुरवणाऱ्याने ग्राहकाचं वायरिंग स्वतः पाहायचं आणि तपासायचं. केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०१० मध्ये नवे सुरक्षा नियम केले, तेव्हा या कलमात एक ‘किंवा’ आला. पुरवठादाराने स्वतः चाचणी घ्यावी, किंवा परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा निकाल स्वीकारावा. कागद स्वीकारून काम भागत असेल, तर मेगर घेऊन जिने कोण चढेल? २०२३ मध्ये पुन्हा नवे नियम आले, तरी ताईच्या घरी या ‘किंवा’च्या अलीकडची बाजू कोणी पाहिली नाही.

मीटर बसवायला माणूस आला होता. पक्कड, टेस्टर, सील, सगळं त्याच्याकडे होतं. त्याने मीटर नीट बसवला, सील केला, नंबर टिपला आणि पुरवठा सुरू करून दिला. घरातल्या डिस्ट्रिब्युशन बोर्डाचं झाकण त्याने उघडलं नाही. त्याला ते काम कोणी सांगितलेलंच नव्हतं, त्यामुळे माझा त्याच्यावर राग नाही. मेगर मात्र त्याच्या पिशवीत हवा होता. घराच्या दारात तो उभा होताच. मेन अजून बंद होता. आणखी दहा-पंधरा मिनिटं लागली असती.

वीज कंपनीला प्रत्येक घरी हे जमणार नसेल, तर दर दहा रिपोर्टांमागे एक घर तरी स्वतः मेगर लावून पाहावं, आणि ते कोणतं हे ठेकेदाराला आधी कळू नये. रिपोर्टवर प्रत्येक सर्किटचा वेगळा आकडा मागावा. गीझरचा वेगळा, प्लगचा वेगळा. मेगरचा नंबर लिहायला लावावा आणि त्याचं कॅलिब्रेशन कधी झालं तेही. काटा टोकाला गेला असेल तर ‘अनंत’ न लिहिता त्या मेगरची कमाल मर्यादा लिहावी, ‘२०० पेक्षा जास्त’ अशी. खोटा आकडा लिहायला आडव्या आठापेक्षा जास्त धीर लागतो. आणि पडताळणीत तो खोटा निघाला तर ठेकेदाराचं लायसन्स गेलं पाहिजे.

ताई राहायला गेल्यावर महिनाभराने आम्ही ओळखीच्या वायरमनला मेगर घेऊन बोलावलं. बाकीची सर्किटं ठीक निघाली. बाथरूमच्या गीझरच्या लाइनवर काटा ०.२ वर थांबला. त्याने पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा तेच. आरसा टांगायला भिंतीत मारलेला स्क्रू पाइपमधून आत गेला होता आणि फेजच्या तारेची साल खरवडली गेली होती. आरसा मीटर येण्याच्या आठवडाभर आधी लागला होता. भिंत ओली होती. भाची रोज तिथेच, त्या आरशाखालच्या नळावर, तोंड धूत होती.

तार त्याच दिवशी बदलली. रिपोर्ट बदलून द्या, असं कोणी म्हटलं नाही. कंपनीच्या फाइलीत ताईच्या घराच्या नावापुढे आजही आडवा आठच आहे.