बॅटरीच्या पोटातील प्राणवायू

९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकहून बंगळूरला निघालेल्या कंटेनरमधील ४० विद्युत स्कूटरांपैकी २० भस्मसात झाल्या. शहराजवळच आग लागली म्हणून बंब धावून आले. हाच प्रकार लोंढ्यापुढच्या रानात, गोव्याकडे उतरणाऱ्या घाटवाटेवर घडता तर बंब पोहोचेतो काय उरले असते, याचा विचार सीमाभागाने व आम्हां किनाऱ्यावरच्यांनीही करावयास हवा.

त्या उन्हाळ्यात असे दोन-चार प्रकार घडताच अनेकांनी उन्हाच्या माथी खापर फोडले. ऊन बॅटरीचे आयुष्य घटविते हे खरे. परंतु केवळ ४२ अंशांच्या उन्हाने निर्दोष बॅटरी पेटत नाही. आतील एखादा घट सदोष निघून तापू लागला, की पुढचे भवितव्य कॅथोडच्या, म्हणजे बॅटरीच्या धन बाजूच्या, द्रव्यावर बरेचसे अवलंबून असते. निकेल-मँगनीज-कोबाल्टाचा भारित कॅथोड २०० अंशांच्या आसपास विघटन पावू लागतो व स्वतःतील प्राणवायू सोडतो. निकेल जितके अधिक तितका तो लवकर ढळतो. आतील द्रव मुळातच ज्वालाग्राही. अशा आगीवर वाळू टाकून काय होणार? बाहेरच्या हवेची तिला गरजच नसते. भरपूर पाणी ओतून ती थंडच करावी लागते.

लोह-फॉस्फेटाच्या कॅथोडमध्ये प्राणवायू फॉस्फरसाशी घट्ट जखडलेला असतो. तो सहजी सुटत नाही. हे द्रव्य जॉन गुडइनफ व अक्षय पाढी यांनी १९९७ मध्येच टेक्सासमधून जगापुढे मांडले. त्याने आगीचे भय संपते असे नव्हे, कमी मात्र निश्चित होते. उणीव एवढीच, की तेवढ्याच वजनात ते वीज कमी साठविते. आणि जाहिरातीत किलोमीटरांचे आकडे खपतात!

डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ पासून केंद्राने बॅटरीच्या कसोट्या कडक केल्या, हे योग्यच झाले. तथापि गिऱ्हाईकाने घरात, माजघराशेजारी रात्रभर भारित करण्यासाठी नेलेली वस्तू कोणत्या द्रव्याची आहे, हे त्यास कोण सांगतो? पावतीवर कॅथोडचे नाव ठळकपणे छापण्याची सक्ती असावी, अशी आमची मागणी आहे. नव्या कसोट्यांपूर्वीच्या गाड्या तर आता जुन्या म्हणून हातोहात फिरणार. त्यांच्या नोंदणीपुस्तकात ही नोंद करण्याचे काम परिवहन खात्याने प्रथम हाती घ्यावे.