मे महिन्याचा अभ्यास

दिवाळीचा फराळ पुढ्यात असताना मे महिन्यातल्या अभ्यासाची आठवण काढणे म्हणजे अनारशाबरोबर कडुलिंबाचा पाला वाढण्यासारखे आहे, हे मी जाणतो. पण या दिवाळीच्या सुटीसाठीही शाळांतून अभ्यास मिळणारच, आणि तो घरोघरी शेवटच्या दोन दिवसांत, बहुधा वडिलांच्या हस्ते, पुरा होणारच. अशा वडिलांपैकी मी एक. माझी फजिती इतरांच्या उपयोगी पडावी, एवढाच हेतू.

आमची कन्या यंदा आठवीत गेली. शाळा मराठी, पण आठवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. सेमी-इंग्रजी म्हणतात ते हेच. त्याची तयारी म्हणून शाळेने मे महिन्यासाठी एकच काम दिले होते. एक इंग्रजी पुस्तक पूर्ण वाचायचे आणि त्यावर इंग्रजीत चार पाने स्वतः लिहायची.

काम दिसायला लहान. आमच्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवली. २००० सालापासून तर महाराष्ट्रात पहिलीपासूनच इंग्रजी आले. म्हणजे आठवीतल्या मुलापाशी सात वर्षांचे इंग्रजी असते. पण या सात वर्षांत त्याने धडे वाचलेले असतात, प्रश्नोत्तरे पाठ केलेली असतात. एखादे पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलेले नसते, आणि मनातले एक वाक्यही त्या भाषेत मांडलेले नसते.

अप्पा बळवंत चौकातून मी आर. के. नारायण यांचे ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ आणून दिले. १९३५ सालचे पुस्तक. पण त्यातला स्वामी आजही कुठल्याही वाड्यात नाहीतर सोसायटीत भेटेल. पुढे मे महिना आपल्या वाटेने गेला. माझ्या आईच्या डोळ्यांतील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. औषधाचे थेंब, काळा चष्मा, भेटीला येणारे आप्त यांत कोणाला कशाची शुद्ध राहिली नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वही उघडली, तो कोरी!

“पुस्तक तरी वाचलेस का?” मी गरजलो.

“वाचले,” कन्या म्हणाली. मला ते खरे वाटले नाही. शाळा दोन दिवसांवर आली होती. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. तासाभरात चार पाने तयार! मराठी शिकवणाऱ्या माणसाला आपले इंग्रजी दाखवण्याची संधी क्वचितच मिळते. ती मी सोडली नाही.

आठवड्याने बाईंनी मला शाळेत बोलावले.

“सर, निबंध फार छान आहे. चौथ्या पानावर ‘नेव्हरदलेस’ आहे. त्याचा अर्थ मी हिला विचारला.”

“मग?”

“म्हणाली, बाबांना ठाऊक आहे.”

मी खाली पाहिले. बाई रागावल्या नव्हत्या. “मी तिला पुन्हा दहा वाक्ये लिहायला सांगितली,” त्या म्हणाल्या. “सुटीत घडलेली खरी गोष्ट, चुका झाल्या तरी चालतील असे सांगून. ही पाहा.”

दहा वाक्यांत सात चुका होत्या. पण मजकूर असा होता: आजीला वाचता येत नव्हते. रोज दुपारी मी तिला पेपर वाचून दाखवला. मग ती म्हणाली, तुझे इंग्रजी पुस्तक मराठीत सांग. मी रोज थोडे वाचून तिला सांगितले. स्वामीचे वडील त्याला सुटीत आंब्यांचे गणित घालतात. दहा आंब्यांचे पंधरा आणे, तर चार आंब्यांचे किती? आजीने विचारले, आंबे कच्चे की पिकलेले? मी हसले, कारण स्वामीलाही हेच पडले होते.

माझ्या घशात काहीतरी अडकले. ज्या महिन्यात मुलीने काही केले नाही म्हणून मी गरजलो, त्या महिन्यात ती पुस्तक वाचत होती, समजून घेत होती आणि आपल्या भाषेत दुसऱ्याला सांगत होती. माझ्या आईला ते कळले होते. मला मात्र फक्त कोरी वही दिसली.

आपल्या पुण्यात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी जॉन्सनच्या ‘रासेलस’चे मराठी भाषांतर आरंभले आणि ते विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. वडिलांचे काम मुलाने पुरे करावे, ही जुनी रीत. आम्ही मुलांचे काम पुरे करतो आणि त्याला माया म्हणतो. परकी भाषा चुका करीतच अंगवळणी पडते. त्या चुका आपण मुलांच्या हातून काढून घेतो, म्हणजे शिकण्याची संधीच काढून घेतो. वाचलेले घरात कुणाला तरी मराठीत सांगायला लावावे, मग पाच-दहा मोडकीतोडकी वाक्ये इंग्रजीत लिहू द्यावीत, आणि आपले पेन खिशातच ठेवावे.

या सुटीत दिवाळीवर लिहायला मिळणार, अशी कुणकुण आहे. परवाच कन्येने विचारले, “बाबा, उटण्याला इंग्रजीत काय म्हणतात?”

मलाही ठाऊक नव्हते. त्यामुळे मोह आवरणे सोपे गेले. म्हटले, “कसे लावतात, वास कसा येतो, ते लिही. आणि अडलीस, तर आजीला विचार.”