अहवाल लिहिणारा माणूस हवा



आपल्या घरातील एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा चोरीच्या खटल्यात दोषी ठरला, तर त्याला तुरुंग अटळच आहे, असे आपण धरून चालता. कायदा मात्र तसे म्हणत नाही. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचे सहावे कलम असे आहे की, ज्या अपराधास जन्मठेपेची शिक्षा नाही, त्यात दोषी ठरलेल्या एकवीस वर्षांखालील व्यक्तीस कारणे नमूद केल्याखेरीज न्यायालयाने कारावास देऊ नये. आणि त्यासाठी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा. अठरा वर्षांखालील मुलासाठी २०१५ चा बालन्याय अधिनियम त्याहून पुढे जातो. पहिल्या हजेरीपासून पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल मंडळापुढे आला पाहिजे, असे तो बजावतो.

हा अधिकारी पोलीस नव्हे आणि वकीलही नव्हे. मुलाची संगत कोणती, शाळा का सुटली, घरी त्याला सांभाळणारे कोण, हे तो प्रत्यक्ष पाहून सांगतो. सुटकेनंतर देखरेख ठेवणे आणि गरज पडल्यास काम मिळवून देण्याची खटपट करणे, हेही त्याचे कर्तव्य आहे. १८४१ साली अमेरिकेतील बोस्टन शहरी जॉन ऑगस्टस नावाचा जोडे शिवणारा गृहस्थ एका दारुड्यास स्वतः जामीन राहिला; तेथून या कार्याचा उगम झाला.

आता आपल्या आष्टी तालुक्याकडे पाहा. दसरा-दिवाळी उलटली की कितीतरी कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीस बाहेर पडतात. चौकशीस आलेल्या अधिकाऱ्यास दाराला कुलूप दिसते. मुकादमाकडून ठावठिकाणा काढून, फडावरच्या कोपीपर्यंत जाऊन बापाची गाठ घेणे, हे तालुका जाणणाऱ्या माणसाचेच काम होय. परंतु जिल्हा बाल संरक्षण कक्षातील विधी तथा परिवीक्षा अधिकाऱ्याचे पद कंत्राटी आहे. वाटा ओळखीच्या होईतो मुदत संपत येते. कायम नोकरी मिळताच तो निघून गेला, तर दोष त्याला द्यावा काय?

कायद्यात 'अहवाल असल्यास' तो विचारात घ्यावा, असे शब्द आहेत. अहवालावाचूनही न्यायालय परिवीक्षा देऊ शकते, हे खरे. पण श्रीमंताच्या मुलाच्या घराण्याची ग्वाही द्यावयास वकील, शेजारी, प्रतिष्ठित जामीनदार असे सारेच हजर असतात. मजुराच्या मुलाची बाजू त्या दोन पानी कागदाखेरीज कोण सांगणार? म्हणून रिक्त खुर्चीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. तो आपल्यावर अधिक पडतो.

कोणी शंका घेईल की, या सवलतीचा लाभ आपल्यावर अत्याचार करणाऱ्यांनाही मिळेल. ही भीती अनाठायी आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने, त्या कायद्याखाली दोषी ठरलेल्या अठरा वर्षांवरील व्यक्तीस परिवीक्षेचा दरवाजा बंद केला आहे.

बालन्याय मंडळांतील व बालकल्याण समित्यांतील रिक्त जागा त्वरेने भराव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर ९ फेब्रुवारी २०१८ रोजी बजावले. परंतु नुसती जागा भरून भागत नाही. भरलेला माणूस टिकला पाहिजे. पद कायम करावे, तालुक्यातच ठाणे द्यावे, प्रवासखर्च वेळेवर द्यावा आणि एका माणसावर किती प्रकरणे टाकावयाची यास मर्यादा घालावी. एवढे केल्याविना भरतीची जाहिरात म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे होय.

आपलेही कर्तव्य आहे. समाजकार्याची पदवी घेतलेल्या आपल्या मुलामुलींनी हे काम हलके लेखू नये; अर्ज करावेत. आणि घरावर प्रसंग आला, तर हात जोडून उभे न राहता वकिलास पहिला प्रश्न विचारा : "परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागविला काय?" मागणीच नसेल, तर रिकामी खुर्ची कोणाच्या डोळ्यांत सलणार?